दर पावसाळ्यात तीच भिंत, तीच ओल: रंगारी बोलावण्याआधी काय तपासायचं

मागच्या जुलैत मंगळवार पेठेत एका घरी भिंत बघायला गेलो होतो. घरातल्या मावशींनी दारातच सांगितलं, "सहा दिवाळ्या झाल्या, ह्याच भिंतीला रंग देतोय बघा. पर वल काय हटंना." त्या सहा वर्षांत भिंतीवर डिस्टेंपर झालं, वॉटरप्रूफ म्हणून विकलेली पुट्टी झाली, ऑइलपेंट झाला. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्यानं पीव्हीसीचे पॅनेल ठोकले. एक पॅनेल काढून बघितला तर मागं कंबरेच्या वरपर्यंत पांढरा लोणा फुललेला, आणि गिलावा बोट लावताच भुसभुशीत होऊन खाली येत होता.

कोल्हापुरात दुरुस्तीची कामं करताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारा दोष हाच. भिंत बदलते, पेठ बदलते, गोष्ट तीच राहते. जिथं ओल दिसते तिथं आपण औषध लावतो, आणि पाणी मात्र दुसरीकडूनच आत येत असतं. म्हणून पाण्याची वाट कशी शोधायची हे इथं सविस्तर लिहितो. ती सापडल्यावर दुरुस्ती बऱ्याचदा स्वस्तात होते. ती न शोधता केलेला खर्च दोन पावसाळेही टिकत नाही, हे मी फार घरांत बघितलंय.

वेळेचं गणित आधी सांगतो. आपल्याकडे लोक दिवाळीच्या तोंडावर जागे होतात. नवरात्रात रंगारी येतो, चार महिने पाणी प्यालेल्या भिंतीवर पुट्टी ओढतो आणि आतलं पाणी आतच कोंडलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात पोपडे सुटतात. ओलीचं निदान जून ते सप्टेंबरमध्ये करायचं, कारण तेव्हाच पाणी स्वतःची वाट दाखवतं. दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भिंत कोरडी असताना. पावसाळ्यात मोबाईलवर भिंतीचे फोटो काढून ठेवा, शक्यतो आठवड्याला एक, त्याच जागेवरून. मार्चमध्ये गवंड्यापुढं हे फोटो ठेवले की अर्धा वाद संपतो.

ओल कधी येते, ते आधी लिहून काढा

कुठल्याही उपकरणाआधी एक वही घ्या. ओल कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती उंचीवर दिसते ते लिहा. ओलीचं कारण बहुतेक वेळा त्या वहीतच सापडतं.

आपल्याकडचा मोठा पाऊस पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या अंगानं येतो. जुलैत तीन-तीन दिवस झोड लागली की पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला तिरपा मार बसतो. वळवाचा पाऊस मात्र बऱ्याचदा पूर्वेकडून चढतो, तासाभरात कोसळून जातो. तेव्हा वळीव झाल्यावर पूर्वेची भिंत ओली झाली आणि जुलैत पश्चिमेची, तर पाणी बाहेरच्या गिलाव्यातून किंवा खिडकीतून येतंय, असा माझा पहिला अंदाज असतो. वारा कुठूनही असला तरी ओल छतापासून खाली उतरत असेल तर गच्ची बघायची. बाहेर कडक ऊन असतानाही मार्च-एप्रिलमध्ये डाग ताजा राहत असेल तर पावसाचा संबंधच नाही. नळाची लाइन, बाथरूम किंवा टाकी तपासायची. सकाळी नळाला पाणी येतं त्या तासा-दोन तासांतच डाग गडद होतो, नंतर फिका पडतो? मग महापालिकेच्या नळापासून तुमच्या टाकीपर्यंतचा पाइप गळतोय, कारण त्यात तेवढ्याच वेळी दाब असतो.

जमिनीपासून सुरू होऊन कमरेपर्यंत सरळ पट्ट्यासारखी चढलेली ओल ही वेगळीच जात. ती खालून येते. तिच्याबद्दल पुढं सविस्तर.

शंका राहिली तर प्लॅस्टिकची परीक्षा करा. पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन ओल्या जागेवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर भिंत पाणी आणतेय. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ते हवेतलं बाष्प. श्रावणात खोल्या बंद, घरातच दोरीवर ओले कपडे, भिंतीला चिकटून लोखंडी कपाट, अशा घरात काळे बुरशीचे ठिपके येतात आणि लोक त्याला गळती समजतात. तिथं कपाट चार बोटं पुढं ओढा, एक्झॉस्ट फॅन लावा, कपडे बाहेरच्या पडवीत नेऊन वाळत घाला. गवंड्याचं काम नाही.

खालून चढणारी ओल

जुन्या पेठांमधली ही सगळ्यात अवघड तक्रार, म्हणून इथं जरा थांबतो.

विटेला आणि गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात जसं तेल वर ओढते तशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. पाण्याबरोबर मातीतले, विटेतले, वाळूतले क्षार विरघळून येतात. पाणी हवेत उडून जातं, क्षार पृष्ठभागापाशी स्फटिक होऊन बसतात. ते फुगतात आणि रंग, पुट्टी, गिलावा आतून ढकलून पाडतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. त्यामुळं लोणा लागलेल्या भिंतीवर ऑइलपेंट, टाइल्स किंवा पॅनेल लावणं म्हणजे पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद करणं. पाणी थांबत नाही, आणखी वर चढून नवीन जागेवर फुटतं. मावशींच्या घरी ओल आधी गुडघ्याएवढी होती. ऑइलपेंटनंतर ती कमरेपर्यंत आली.

नव्या बांधकामात यासाठी जोत्याच्या पातळीवर वॉटरप्रूफिंगचं मिश्रण घातलेला काँक्रीटचा थर देतात, त्याला डीपीसी म्हणतात. जुन्या दगड-मातीच्या आणि चुन्याच्या घरांत हा थर नाहीच. तरी ती घरं पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली. त्यांचं जोतं चांगलं उंच असे, आणि चुन्याचा गिलावा आत आलेलं पाणी परत बाहेर सोडत असे.

मग आता काय बदललं? आपले रस्ते वर आले. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर, नंतर गल्लीत काँक्रीट, वर पेव्हर ब्लॉक. दोन पायऱ्या चढून ज्या घरात शिरायचं, त्या घराचा उंबरा आज रस्त्याच्या बरोबरीला आहे. बोळातले ब्लॉक बसवताना उतार गटाराकडं न जाता घराकडं गेला की प्रत्येक सरीचं पाणी जोत्याला टेकतं. मावशींच्या बोळात अगदी हेच झालेलं. त्यात गच्चीचा पाइप जमिनीपासून दोन फूट वर तुटका संपत होता, आणि अख्ख्या गच्चीचं पाणी त्याच कोपऱ्यात पडत होतं. घरात सहा वर्षं रंग चालू होता, आणि पाइप कुणी वाकून बघितला नव्हता.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेरचं पाणी. भिंतीलगतची माती, कुंड्या, वाफे काढा. जोत्याभोवती अडीच-तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या उतारानं करा. गच्चीचे पाइप थेट चेंबरमध्ये किंवा गटारात सोडा. एवढ्यानं निम्म्या घरांची ओल एका वर्षात उतरते, हा माझा अनुभव. मग आत, ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत गिलावा विटेपर्यंत खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. तो पाण्यानं धुऊ नका, धुतला की क्षार परत विटेत जातात. भिंत उघडी ठेवून उन्हाळाभर वाळू द्या. विटांची भिंत असेल आणि ओल तरीही येत असेल, तर जोत्याच्या वर ओळीनं भोकं पाडून त्यात सिलेन-सिलॉक्सेन जातीचं रसायन मुरवतात. ते छिद्रांच्या आतल्या बाजूला बसतं आणि पाण्याला वर चढू देत नाही. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, आणि जाड दगडी भिंतीत त्याचा भरवसा कमी धरा. चुन्यात बांधलेली भिंत असेल तर नवा गिलावाही चुन्याचाच करा. त्यावर सिमेंटचा घट्ट थर चढवला की पुन्हा तीच कोंडी.

पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या घरांना हेच, पण जास्त संयमानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी अशा भागांत भिंतींनी नुसतं पाणी नाही, गाळ आणि गटाराचे क्षारही प्यालेत. पूर ओसरल्यावर महिन्याभरात गिलावा करून रंग दिलेल्या भिंती अजून दरवर्षी फुटतात. पुराच्या रेषेपर्यंतचा गिलावा काढून निदान एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवल्याशिवाय पुढं जाऊ नका. घर कुरूप दिसतं, पाहुणे विचारतात, मला कळतं. तरीही थांबा.

पश्चिमेची भिंत आणि खिडकी

झोडीच्या पावसात ओली होणारी भिंत बाहेरून बघा, आणि पावसातच बघा. बाहेरचा गिलावा दोन थरांत, मिळून साधारण २० मिलिमीटरचा हवा. एकाच थरात उरकलेला असेल तर त्याला जाळीसारख्या बारीक चिरा दिसतील. पिलर आणि विटांची भिंत जिथं भेटतात तिथं उभी सरळ चीर असते, कारण काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात वेगवेगळी हलतात. त्या सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडीची जाळी (बारीक तारांची, चिकन मेश) मारायला हवी होती. आता चीर इंग्रजी व्हीच्या आकारात कोरून लवचीक सीलंट भरायचं, वर जाळी आणि पॉलिमरचा थर द्यायचा. नुसत्या पुट्टीची रेघ एक उन्हाळाही टिकत नाही.

खिडक्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फुकट आहे. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं पाणी जायला छोटी भोकं असतात. धूळ, केस, मेलेल्या माश्या अडकून ती बुजतात. मग पट्टीत साठलेलं पाणी आतल्या बाजूनं सांडतं आणि खिडकीखालची भिंत भिजते. मेच्या शेवटी जुना टूथब्रश आणि तार घेऊन बसा. ओल तिथंच थांबली असं किती तरी घरांत झालंय. खिडकीखालचा कडप्पा आतल्या बाजूला उतरता असेल तर मात्र तो काढून पुन्हा बसवावा लागेल.

छज्जाचं पाणी भिंतीकडं येत असेल तर वरून उतार द्या. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का बघा, नसेल तर थेंब छज्जाखालून सरपटत भिंतीपर्यंत येतो. डिश, एसी, इंटरनेटच्या वायरीसाठी पाडलेली भोकं बुजवा. पाइपच्या सांध्यात पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर वरून कापू नका, तो दुप्पट जोमानं येतो. मूळ खणून काढा, राहिलेल्या मुळाला औषध लावा, मग सांधा बंद करा.

गच्ची

गच्चीत आधी कोबा, म्हणजे स्लॅबवरचा उताराचा घट्ट थर नाही, कडा बघा. पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि स्लॅब भेटतात तिथं वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई दिलेली पट्टी असते. हा वाटा स्लॅबपासून सुटला की पाणी सरळ आत उतरतं आणि खालच्या खोलीत छताच्या कडेला, भिंतीच्या माथ्यावर डाग पडतो. मी बघितलेल्या गच्च्यांत मधल्या कोब्यापेक्षा हा सांधा जास्त वेळा दोषी निघाला. दुसरी जागा म्हणजे पाणी जाण्याचं भोक. तिथं पाइप आणि कोब्यातली फट हाताला लागते. तिसरी, सोलर हीटरच्या स्टँडसाठी थेट कोब्यात मारलेले बोल्ट.

उतार किमान शंभराला एक हवा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं गच्चीवर जा, जिथं डबकं दिसेल तिथं खडूनं गोल काढा. मार्चमध्ये पाइप बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खाली बघा. गळती त्या पाण्यानंही दिसली नाही, तर गच्ची निर्दोष समजून भिंतीकडं वळा. जुन्या कोब्यावर आणखी एक कोबा घालायला बरेच जण सुचवतात. मी विरोध करतो, कारण स्लॅबवरचं ओझं वाढतं आणि दोष खाली तसाच राहतो. पत्र्याचं शेड घातलं असेल तर त्याला पन्हळ लावा, नाहीतर सगळी पागोळी नेमकी भिंतीच्या माथ्यावर पडते.

वरच्या मजल्यावरचं बाथरूम

अपार्टमेंटमध्ये या एका डागावरून शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय. म्हणून आधी पुरावा, मग तक्रार. वरच्यांना विनंती करून एक दिवस बाथरूम वापरू नका म्हणावं, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं भोक) कापडानं बुजवावा, रंग कालवलेलं दोन इंच पाणी २४ तास ठेवावं. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपभोवतीची जागा. पाणी तसंच राहिलं आणि डाग तरी वाढला, तर भिंतीतला पाइप. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. सांध्यांतलं जुनं सिमेंट काढून इपॉक्सी ग्राउट भरल्यावर पुष्कळ प्रकरणं फरशी न फोडता मिटतात.

खर्च कुणाचा, हेही सांगतो. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, संडास-बाथरूम-सिंकच्या गळतीचा त्या सभासदाचा. नवीन फ्लॅट असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. तक्रार तोंडी करू नका, फोटोंसह लेखी द्या.

हे दिसलं तर रंगारी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर

छताचे पोपडे पडून आत गंजलेली सळई दिसत असेल, किंवा पिलरवर उभी चीर आणि तिच्या कडेनं तांबूस डाग असेल, तर थांबा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वर गिलावा थापून ते झाकणं धोक्याचं आहे, खाली माणसं झोपतात. गंज घासून, सळईला गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरनं भरायचं काम असतं, आणि सळई किती खाल्ली गेली हे आधी इंजिनिअरनं मोजायचं असतं. ३० वर्षांवरच्या इमारतींना शहरात स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच सक्तीचं आहे.

नवं घर बांधणाऱ्यांनी इथंच लक्ष घातलं तर पुढची पिढी वाचेल. स्लॅबच्या सळईखाली २० मिलिमीटर आणि पिलरला ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं, त्यासाठी कव्हर ब्लॉक लावा. फरशीचे तुकडे किंवा खडे चालत नाहीत. पाणी किमान सात दिवस मारायचं. हल्ली बहुतेक पोती पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असतात, त्याला दहा दिवस. चौथ्या दिवशी पाणी थांबवलेले स्लॅब मी फार बघितलेत.

तिरप्या चिरांचं वेगळं. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी चढणारी चीर मेमध्ये रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते का, ते बघा. तसं असेल तर खाली काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते आणि पाया तिच्याबरोबर हलतो. शेताच्या प्लॉटवर मुरमापर्यंत न उतरता बांधलेल्या घरांत हे जास्त. चिरेवर आडवी पेन्सिलची रेघ आणि तारीख लिहा, काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवा. पट्टी तडकली तर चीर अजून चालू आहे. चालू चिरेत पुट्टी भरू नका. घराभोवती पक्का पट्टा, गळके पाइप दुरुस्त, मोठी झाडं भिंतीपासून लांब, म्हणजे मातीतला ओलावा वर्षभर सारखा राहील. तरी चीर वाढत राहिली तर पायाचं काम, आणि ते इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय नाही.

मावशींच्या घरी फेब्रुवारीत बोळातले ब्लॉक उचलून उतार गटाराकडं फिरवला, पाइप चेंबरात सोडला, पॅनेल काढून भिंत विटेपर्यंत उघडी केली. मेच्या शेवटी नवा गिलावा झाला. रंग मात्र मी लावू दिला नाही. यंदाच्या पावसाळ्यात ती भिंत करड्या गिलाव्यातच राहणार आहे, कोपऱ्यात पेन्सिलनं तारखा लिहिलेल्या. जुलैच्या झोडीनंतर ती कोरडी राहिली, तर दिवाळीला रंग.